उजवीकडची झेप

...आणि खापर शेवटी माझ्याच डोक्यावर. तुम्हाला सांगते, आमचे हे फुटबॉल क्लबात गोलकीपर, म्हणजे दुसरे, म्हणजे पहिला धडधाकट असला की बाकावर बसायचं ते. क्लबही नवाकोरा, आमच्या तान्ह्या पोरीपेक्षा थोडासाच मोठा, दोघांनाही अजून धड उभं राहता येत नाही. मोसम संपला की ह्यांचा करार संपणार, पुढे ठेवतील की घरी पाठवतील, काही पत्ता नाही. म्हणून हे घरीसुद्धा सराव करतात. मी मोज्यांचे गोळे फेकायचे, ह्यांनी झेपा घ्यायच्या. खोली केवढी, तर तळहाताएवढी. डावीकडे गादी, उजवीकडे पाळणा. उजवीकडे गोळा गेला की मी म्हणते, अहो तिकडे नको, पोरगी उठेल... झालं, ह्यांची उजवी बाजूच मोडीत निघाली. पोरगी रडली तरच काय ते उजवीकडे धावायचे. कोच मला विचारतो, "वहिनी, हा उजवीकडे झेपच घेत नाही, तिकडे विहीर आहे का?" आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तर त्या दिवशी पहिल्या गोलकीपरचा गुडघा दुखावला आणि हे उतरले मैदानात. मी, सासूबाई आणि पोरगी गोलाच्या मागे, ह्यांच्या उजव्या अंगाला. बाकांचा रंग ओला, माझी साडी चिकटलेली, उठायची सोय नाही. बरोबरी चाललेली, आणि अगदी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. हे पडणार डावीकडे, हे मला ठाऊक, कोचला ठाऊक, चेंडू मारणाऱ्यालाही कोणीतरी सांगितलं असणारच. मी डोळे मिटले, पोरीला छातीशी आवळलं, जरा जास्तच आवळलं असेल, आणि तिने जो काही टाहो फोडला... हे सरळ उजवीकडे. चेंडू ह्यांच्या पोटात.

सगळे नाचले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "नवऱ्यापायी लेकराला चिमटे काढतेस होय गं?" अहो, घाबरले होते मी. यात माझं काय चुकलं?

पुढच्या सामन्याआधी कोच दारात हजर. "वहिनी, पोरीला जरा भूक लागू द्या हं, मग आणा." मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या पोराला ठेवा उपाशी." पोटभर पाजूनच नेली. आणि नशीब बघा, पुन्हा पेनल्टी. सगळं मैदान वळून माझ्याकडे बघतंय, हेसुद्धा गोल सोडून मागे बघतायत, मागून एक आजोबा म्हणतात, "सूनबाई, बघता काय, रडवा की." आणि ही बया सगळ्यांना बघून खुदकन हसली. हे डावीकडे, चेंडू उजवीकडे. हरलो. खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर. यात माझं... जाऊ दे.

मग मोसम संपला, कोच घरी आला. त्याने ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाळण्यात वाकून पोरीचं तोंड उघडलं, हिरड्या बघितल्या आणि म्हणाला, "दात यायचेत अजून. म्हणजे वर्षभर रडेल. करार वाढवू या."

आता लोक पेढे मागतात, तर सांगू तरी काय, नोकरी कोणाला लागली म्हणून?