हुरड्याच्या रानात तीन दिस

मपलं माहेर पाटोद्याकडलं, डोंगराच्या अंगचं. तिकडं रान म्हंजी नुसते गोटे, हुलगा न् मटकी पिकली तरी देव पावला म्हनायचं. माझं नाव कौसा. मास्तर, तुमी लिवून घ्यायला बसलात खरं, पन माझ्यात लिवन्यासारखं काय हाय, मी कुन्या पाटलाची लेक न्हाई का देसमुखाची सून न्हाई. सात वर्साची आसंन तव्हाच बापानं हातात गोफन दिली, जा म्हनला पाखरं राख, आन् मी दिसभर मचानावर. मचान म्हंजी चार मेढी रोवून वर फाट्या टाकायच्या न् त्यावर हुबं ऱ्हायचं. तिथंच भाकर खायची, तिथंच गानी म्हनायची. आमच्या बापाच्या रानात दाना कमी न् पाखरं जास्ती, त्यामुळं गोफनीतून गुंडा, म्हंजी गोटा, कसा फेकायचा ते मला चांगलं ठावं झालतं.

तेरावं सरलं न् मला दिली हिकडं उमापुराच्या खालच्या अंगाला, गंगथडीला, गोदावरीच्या काठाला. अगं माय, काय ते काळं रान! जवारीत बैलगाडी शिरली तर वर बसलेल्यांची डोकीच तेवढी दिसायची. तव्हा मोगलाई व्हती, निजामाचं राज, जर्मनचं जंग सुरू व्हायाच्या आदीची गोष्ट हाय ही. घरात सासू, तिला आमी आत्याबाई म्हनायचो, सासरा माझ्या लग्नाआदीच गेलता, एक नणंद गोदावन्स, तिचं लगीन गावातच झालतं, आन् आमचे मालक. मालक सभावानं गरीब, आई म्हनंल ती पूर्व दिशा. आत्याबाईची जीभ मात्र लई तिखट, काय सांगू तुमाला, पन मानूस लबाड न्हवतं.

मला दोन लेकरं झाली न् दोन्ही गेली. एक सव्वा म्हयन्याचं, एक तर पाचवीबी पुजू दिली न्हाई त्यानं. त्यावर मी जास्ती बोलनार न्हाई, तुमी इचारूबी नका. दुसरं गेल्यावर मला काय झालं कुनास ठावं, भूकच मेली. भाकर तोंडात धरली की तशीच ऱ्हायची. सकाळी उठावं वाटंना, कुनी हाक मारली तर ती लांबून, हिरीच्या तळातून आल्यावानी वाटायची. आत्याबाईनं अंगारे केले, देवरुषी झाला, कोंबडं वाहिलं. कायबी फरक न्हाई. अशी दिवाळी गेली, थंडी आली, आन् एक दिस आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसली न् म्हनली, कौसा, तुला खरं सांगते, मागून कळन्यापरीस आत्ताच कळलेलं बरं, संक्रांत झाली की दुसरी पोरगी बगायची, तिच्याकडली लोकं येनार हायेत, घराला लेकरू पायजे, आन् तू अशी पडून ऱ्हायलीस तर तुला माहेरी पोचवावं लागंल, बरी व्हायला.

बरी व्हायला! मास्तर, वळकटीसकट माहेरी धाडलेली बाई कव्हा परत आलीय का? माझे मायबाप गेलते, भाऊ व्हता तो भावजयीच्या मुठीत, तिथं गेले आसते तर वळचनीला पडून मेले आसते. हे सगळं मला कळत व्हतं, पन रडूबी येईना, एवढं ते मन बधीर झालतं.

पन आत्याबाईनंच एक शेवटचं म्हनून गेवराईच्या हकीमाकडं नेलं. म्हातारा, पांढरी दाढी, नाडीवर दोन बोटं ठिवून लई येळ डोळे मिटून बसला. मग म्हनला, बीमारी कुछ नहीं अम्मा, दिल बैठ गया है, इसकू खेत में लेके जाव, तीन रोज खुली हवा में रखो, चार औरतां साथ में रहनेदेव, काम कुछ नक्को, बस आराम. आत्याबाईनं इचारलं, आराम म्हंजी नेमकं काय करायचं? तो हसला, म्हनला, बैठना, अम्मा, बस बैठना. आता आमच्यात बसून कोन ऱ्हातंय हो? बाळंतीन आन् मढं, दोघंच बसून न् पडून ऱ्हात्यात. पन हकीम म्हनला म्हंजी झालं.

संक्रांतीनंतर हुरड्याचे दिस. जवारी दुधात न् चिकात आली की आमच्याकडं बाया रानात हुरड्याला जायच्याच, पन ते दुपारपुरतं. आत्याबाईनं त्या साली तीन दिसाचं ठरवलं. भावकीतल्या सात-आठ बाया, गोदावन्स, वाकळी, तिळाची न् कारळाची चटनी, गूळ, ताकाचा डेरा. गडीमानूस एकबी नको म्हनली, राखनदारालासुदिक घरी धाडला. समद्या बाया पायी, हसत-खिदळत, आन् मी एकटी गाडीत वाकळ पांघरून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथं गेल्यावर मला मचानावर चढवली न् बसवली, गौर बसवत्यात तशी. झाडायला उठले तर म्हनल्या, तू बस. पान्याला निघाले तर, बस गं बाई, हकीमानं काय सांगितलंय? खाली गोवऱ्यांची आगटी पेटलेली, कनसं भाजत्यात, बाया गरम गरम कनिस हातावर चोळत्यात, फुंकर मारत्यात, आन् ते हिरवे दाने वाटीत घालून मला वर देत्यात. मी एक दाना तोंडात घ्यायची न् बसायची.

वर बसलं की काय दिसायचं सांगू का? नुसती कनसंच कनसं. सकाळी गंगेवरून धुकं यायचं ते कनसावर येऊन बसायचं, मग खालच्या बाया दिसायच्या न्हाईत, नुसते आवाज, नुसता धूर, त्या धुराला गोड वास. वारा आला की सगळं रान एका अंगाला लवायचं, मग दुसऱ्या अंगाला, आन् माझं मचान वाहत चाललंय आसं वाटायचं, बसल्या जागी मी कुठंतरी निघालेय, हळूहळू, कुनाला न सांगता. मला वाटलं मी मेलेच हाय. ह्या समद्या माझ्या दहाव्याला आल्यात न् मला वाटीत निवद दाखवत्यात. आन् खरं सांगते मास्तर, भ्या न्हाई वाटलं. बरं वाटलं. ते बरं वाटनंच वंगाळ व्हतं, हे मला आता कळतंय.

दुसऱ्या दिशी उनं वर आली न् धुकं फाटलं, आन् भोरड्या आल्या. तुमी शिकलेली मानसं, तुमाला भोरड्या ठाव्या हायेत का? एक-दोन येत न्हाईत त्या, आभाळातून चादर झटकावी तसा थवाच्या थवा येतो, घटकाभरात पाटाचा पाट, पिकाचा आख्खा पट्टा, रिकामा करतो. राखनदार घरी. बाया आगटीभवती कुनाच्यातरी नवऱ्याची नक्कल करून हसत्यात. मी वरून म्हनलं, आत्याबाई, पाखरं. आवाजच निघंना. परत म्हनलं, पाखरं पडली. गोदावन्स खालून म्हनली, आसू दे गं, दोन दाने खातील, तू बस.

तू बस!

मास्तर, पायाच्या अंगठ्यापून एक तिडीक उठली. दोन दाने? बापाच्या रानात एका कनसासाठी मी उन्हात करपलेय आन् हिथं पाट चाललाय न् म्हने तू बस. मेढीला राखनदाराची गोफन टांगलेली, खाली गुंड्यांचा ढीग. उठले. डोळ्याम्होरं अंधारी आली, मेढ धरली. गुंडा घातला, फिरवली, सोडली, तो दहा हातावर पडला. दुसरा तसाच. हातात जीवच न्हाई. मला लई राग आला, पाखरांचा, माझ्या हाताचा, हकीमाचा, त्या गेलेल्या लेकरांचाबी. तोंडाला येईल ते बोलत सुटले, मेल्यांनो, मुडद्यांनो, तुमचा मुडदा बसवला, मी हाय अजून! पाचवा का सहावा गुंडा सुटला न् गोफनीची वादी आशी कडाडली, थवा फुटला न् आभाळ काळं झालं. गोदावन्स मला धरायला वर चढाया लागली, मी म्हनलं, वन्स, हात लावाल तर पुढचा गुंडा तुमाला. ती तशीच खाली उतरली, आन् मग हसली, मग समद्याच हसल्या, आन् मी मेढीला धरून रडले. दोन्ही लेकरांचं तव्हा रडले, पहिल्यांदा.

उतरले न् आगटीजवळ बसले. आत्याबाईनं वाटी पुढं केली. म्या म्हनलं, वाटी नको, कनिस द्या. आपल्या हातानं चोळलं, तळवे भाजले, भाजू दिले. चार कनसं खाल्ली मास्तर, वर तांब्याभर ताक. आत्याबाई पदरानं नाक पुसत गोवऱ्या सारत बसली. तिसऱ्या दिशी दिस उगवायला मी मचानावर, सांजेला मी मचानावर, कुनाची टाप व्हती मला बस म्हनायची.

त्याच सांजेला मालक गाडी घेऊन आले. बायांच्या रानात गडी यायचा न्हाई, म्हनून बांधावरच हुबे. आईला म्हनले, पोरीवाले घरी येऊन बसलेत. मग माझ्याकडं न बगता म्हनले, हिची वळकटी गाडीतच ऱ्हाऊ दे का, माहेरी पोचवायला? मी वर हुबी, हातात गोफन. आत्याबाई म्हनली, पोरगी बगायची ती बग, त्याला माझा नकार न्हाई. पन हिची वळकटी घरात जाईल. ह्या वावराची राखन आजपून हिची, हितून हिला मी मेल्यावरच हालवायचं.

आता तुमी म्हनाल बरं झालं. अर्धं बरं झालं, मास्तर. मी ऱ्हायले, आन् सवत आली. राही तिचं नाव, पंधरा वर्साची पोर. तिचं पहिलं लेकरू माझ्या मांडीवर दिलं तव्हा मला आनंद झाला न्हाई, खोटं कशाला बोलू. पन तीन पोरं झाली तिला, तिन्ही मला मोठी आई म्हनत्यात, आन् राही आन् मी भांडून भांडून एवढी वर्सं एका चुलीवर काढली. आत्याबाई गेली, मालक गेले, मोगलाईबी गेली.

गेल्या साली राहीच्या एका अंगावरून वारं गेलं. डागदर म्हनला, हिला कायबी करू देऊ नका. सूनबाई त्याच्याच सबुदावर चालती, उशी लावून बसवती न् घास भरवती. राही भिताडाकडं बघत ऱ्हाती. ते बघनं मला वळखू येतं. म्हनून मी रोज तिच्या मांडीवर सूप ठिवते, जवारी घालते, म्हनते, राही, खडे निवड गं, मला दिसत न्हाई आता. तिचा एकच हात चालतो, त्योबी थरथर. खडा ठिवती न् दाना टाकती. पन दुपारी सूप भरून मला देती न् म्हनती, अक्का, झालं बगा, आन् हक्कानं भाकर मागून खाती. सांजच्याला तिचा डोळा लागला की ते सूप मी वट्यावर आनते न् परत निवडते. सूनबाई मला हसती. हसू दे. देव तुमचे हातपाय चालते ठिवो, मास्तर, पन हे राहीला सांगू नका.