दत्ताण्णांच्या लेकीची आकाशगंगा

...आणि वर लोक दत्ताण्णांनाच बोल लावतात! अहो, आधी ऐकून तरी घ्या! माणूस कौतुकानं एकाला गोष्ट सांगतो, लोक हौसेनं सत्कार ठरवतात, हॉल ठरतो, जेवण ठरतं आणि ऐन वेळी आकाशगंगाच जागेवरनं हलते... आता सांगा, यात माणसाचं काय चुकलं?

दत्ताण्णा म्हणजे दत्तात्रय मिरजकर. हुबळीत, दाजीबान पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. आजोबा मिरजेकडून आले, आडनाव तिकडचं राहिलं आणि जीभ इकडची झाली. म्हणजे घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड आणि राग आला की दोन्ही एकदम! एकुलती एक लेक, सावनी. धारवाडला मळमड्डीत खोली घेऊन राहते आणि आकाशगंगांवर पीएचडी करते. आता पीएचडी करते हे सांगायला सोपं आहे हो, पण गिऱ्हाईक विचारतं, "म्हंजे डॉक्टर होणार?" हो म्हणावं तर ते लगेच गुडघा पुढं करतं, नाही म्हणावं तर म्हणतं, "अय्यो, नापास झाली?"

बरं, दत्ताण्णांना तरी कुठं सगळं कळत होतं! त्यांना वाटायचं, पोरगी रात्र रात्र गच्चीवर थंडीत दुर्बिणीला डोळा लावून बसत असणार. आई, म्हणजे रुक्मिणीअक्का, दर वेळी एक स्वेटर पाठवायच्या. पोरीकडं स्वेटरांचा ढीग झाला तेव्हा ती म्हणाली, "आई, दुर्बीण वर अंतराळात आहे. हबल तिचं नाव. ती फोटो काढते, मी ते खोलीत बसून बघते. रात्री मी झोपते गं."

दत्ताण्णा म्हणाले, "दुर्बीण वर, तू खाली, तेही झोपून... मग आकाशाकडं बघतं कोण?"

आणि त्यात ते नाव! हबल! पेठेत सगळ्यांना वाटलं हुबळी. दत्ताण्णा सांगून सांगून थकले, "अरे, हबल वेगळं, हुबळी वेगळी!" तर समोरचा बॅनर छापणारा मंजुनाथ म्हणतो कसा, "अण्णा, इंग्रजांनी आपल्या गावाचं नाव कधी नीट लिवलंय काय?" झालं! तेव्हापासून दाजीबान पेठेत ती हुबळीची दुर्बीण.

तर एके दिवशी फोनवर सावनी म्हणाली, "अप्पा, एक तांबडा ठिपका सापडलाय. बहुधा आकाशगंगा आहे. बहुधा फार लांबची, फार जुनी. फार लांबून येणारा उजेड वाटेत ताणला जातो आणि तांबडा होतो, म्हणून असं वाटतंय. आता नवीन मोठ्या दुर्बिणीनं तपासणी व्हायची आहे. कुणाला सांगू नका हं." दत्ताण्णांनी सगळं नीट ऐकलं. फक्त ते दोन बहुधा, ती तपासणी आणि ते कुणाला सांगू नका, एवढं काय ते राहून गेलं. बापाचे कान असेच असतात हो! आता सांगा, यात माणसाचं काय चुकलं?

त्यांनी एकालाच सांगितलं. पण तो एक म्हणजे सटवाजीराव, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष! सटवाजीरावांना सांगणं म्हणजे चौकात कर्णा लावणं. संध्याकाळपर्यंत पेठेत एका आकाशगंगेच्या चार झाल्या, सावनी अंतराळात जाऊन आली आणि एकानं तर दुकानात येऊन हळूच विचारलं, "अण्णा, तिकडं प्लॉट पडणार असतील तर आपल्या लोकांना आधी कळू दे." मंडळानं रविवारी सकाळी सत्कार ठरवला. मंजुनाथनं बॅनर लावला... "हुबळी दुर्बिणीतून विश्वातील सर्वांत जुनी आकाशगंगा शोधणाऱ्या कु. सावनी यांचे हार्दिक अभिनंदन!" त्यावर सावनीचा फोटो लहान, सटवाजीरावांचा मोठा आणि आकाशगंगेच्या जागी सूर्यफूल. का? तर म्हणे, "तुमच्या त्या ठिपक्यापेक्षा हे उठून दिसतं!"

शुक्रवारी सावनी घरी आली. चप्पल काढली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "अप्पा, ती जुनी नाही. तपासणी झाली. उजेडाचे रंग सुटे करून बघितले. ती आपल्याला वाटलं त्याच्यापेक्षा बरीच जवळ आहे. तिच्यात धूळ फार आहे, धुळीमुळं तांबडी दिसली."

दत्ताण्णांना आधी तो बॅनर आठवला. पण दुकानदार माणूस, घासाघीस केल्याशिवाय राहील का? "जवळ म्हणजे किती जवळ?"

"तिकडून उजेड यायलाही अब्जावधी वर्षं लागतात."

"मग लांबच की गं! पुष्कळ लांब! एवढ्यात भागव की!"

"अप्पा, लांब आहे, पण सगळ्यात लांब नाही."

"बरं, सत्कार तेवढा होऊ दे, सोमवारी सांग. परवापर्यंत ती काय पळून जाते?"

आता पोरगी काय म्हणाली बघा. "अप्पा, वरून तांब्याचा मुलामा, आत लोखंड, असं भांडं तुम्ही तांब्याचं म्हणून विकाल? सोमवारी सांगतो म्हणून?"

दत्ताण्णा उठले आणि कारण नसताना शर्टाची बटणं लावायला लागले. आयुष्यात त्यांनी एक वाटी तशी विकली नव्हती, आणि हे पेठेला ठाऊक होतं, पोरीलाही ठाऊक होतं, हीच तर अडचण! रुक्मिणीअक्का आतून म्हणाल्या, "तुमचीच लेक आहे. भोगा."

मग त्यांनी सटवाजीरावांना फोन लावला. "अध्यक्ष, सत्कार रद्द करा. आकाशगंगा जवळ निघाली."

तिकडून सटवाजीराव ओरडले, "काय सांगता! जवळ? भाळ छलो आतु! हे तर फारच चांगलं झालं की! लांबची असून कुणाच्या काय उपयोगाची?" आणि फोन ठेवला. सांगा आता!

रविवारी हॉल गच्च. नारळ, शाल, फेटा, सगळं यथासांग. पाहुणे, कोण ते माजी कोणीतरी, सावनीला शेवटपर्यंत श्रावणी म्हणाले. मग सावनी उभी राहिली. फेटा सावरला. म्हणाली, "मी सगळ्यात जुनी आकाशगंगा शोधलेली नाही. मला तसं वाटलं होतं. ते चूक निघालं. हे आज सांगायला पाहिजे होतं, म्हणून आले."

आणि हॉलमध्ये टाळ्या! अशा टाळ्या की छताचे पंखे हलले! सटवाजीराव माइक ओढून म्हणाले, "बघा, किती हा विनय! एवढं करून म्हणते, मी काही केलंच नाही!"

सावनीनं बापाकडं बघितलं. आता तुम्हाला सांगतो, दत्ताण्णांना तिथं गप्प बसता आलं असतं. टाळ्या चालू होत्या, लेकीनं खरं बोलून टाकलं होतं, लोकांना कळलं नाही हा लोकांचा दोष! पण पोरगी तिकडं फेटा घालून एकटी उभी, आणि हॉलभर माणसांत तिचं बोलणं कळलेला माणूस एकच. दत्ताण्णा उठले. जन्मात माइक धरला नव्हता, उलटा धरला. "लोकहो, विनय-बिनय काही नाही. ती खरं सांगते. तिनं मला आधीच बजावलं होतं, कुणाला सांगू नका, तपासायचं आहे. मीच सांगून बसलो. आणि चूक निघाली ती दुसऱ्या कुणी काढली नाही, हिनंच काढली. ती आकाशगंगा जवळची आहे. बस्स." आणि घामाघूम होऊन खाली बसले.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. दत्ताण्णांना वाटलं, कळलं एकदाचं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या भाग्यलक्ष्मीअक्का उठल्या, पदर सावरला आणि विचारलं, "जवळ म्हणजे धारवाडच्या वाटेवर, रायापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

पलीकडं, अक्का! पलीकडं!

जेवणं झाली. दत्ताण्णा लेकीला धारवाडच्या बसला सोडायला गेले. वाटेत त्यांनी तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. मग सावनी म्हणाली, "माझे पीएचडीचे सर खूश आहेत, अप्पा. म्हणाले, अशा धुळीनं फसवणाऱ्या आणखी किती असतील, त्या शोध. आता तेच काम."

"म्हणजे लोकांनी लांब म्हणून सांगितलेल्या तू जवळ आणणार?"

"असतील त्या."

"मारतील की गं तुला!" म्हणाले आणि हसले. शुक्रवारपासून पहिल्यांदा हसले. बस आली, पोरगी चढली, आणि खिडकीतून तिनं हात हलवला तेव्हा दत्ताण्णांना आपली मान आपोआप ताठ झालेली कळली. सगळं नीट निस्तरलं होतं. खरं बोलून झालं होतं, बापाचं आणि लेकीचंही. आता सांगा, यात माणसाचं काय चुकलं?

सोमवारी दुकान उघडलं तर मंजुनाथ पेपर घेऊन हजर. चौथ्या पानावर ठळक अक्षरात... "आकाशगंगा जवळ आणली! हुबळीच्या कन्येचा पराक्रम!"

दत्ताण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षरं तीच. ते बोलायला तोंड उघडणार, तोच अळणावरहून आलेलं एक गिऱ्हाईक हातातला तांब्या खाली ठेवून, पेपरवर बोट ठेवून, अगदी मनापासून म्हणालं, "अण्णा, पोरीनं एवढी मोठी आकाशगंगा जवळ आणली, मग आमची अळणावरची गाडी तेवढी वेळेवर आणायला सांगा की."

दत्ताण्णांनी मोठा श्वास घेतला. ताणलेला उजेड, धूळ, रंग, तपासणी, सगळं एकदा ओठावर आलं...

मग त्यांनी तांब्या कागदात गुंडाळला आणि म्हणाले, "हौद्री, होय, सांगून बघतो."