आईला विचारलं

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

"ताई, तू स्वतः सर्जन. मग आईच्या मेंदूतली गाठ यंत्र का काढतंय?"

"त्याने शोधलेली पद्धत माणसाच्या हाताला जमणारी नाही."

"तुला समजली तरी का?"

"अर्धी. उरलेली समजेपर्यंत त्याने आणखी चांगली शोधली."

"आणि तू बिनधास्त होकार दिलास?"

"मी नाही, आईने दिला. यंत्राने तिला सगळे धोके सांगितले आणि 'करू का?' असं विचारलं. आई मला म्हणाली, 'तू एवढी डॉक्टर झालीस, पण मला कधी विचारलंस का गं?'"

दार उघडलं. नर्स हसतच बाहेर आली.

"गाठ पूर्ण निघाली. आई शुद्धीवर आहेत, छान बोलताहेत."

"ताई, चल!"

"थांब. सिस्टर, आईला विचारता का, आम्ही आत येऊ का म्हणून?"