पहिले फक्त देवकी येऊ दे

बसा, बसा. माझ्या आया-बहिणींनो, सरपंच भाऊ, देवकीच्या लेकराहो, कापसाची वेचणी टाकून तुमी आलात, तुमचे उपकार. देवकी गेली, तिच्यासाठी दोन शब्द बोलायले उभी राह्यली. ही पल्लवी, माझी नात. काल मले विचारून-विचारून तिनं भाषण लिहलं, अन् आता कागद माझ्याच हातात देल्ला! मले अक्षर येते काय, बाई? धर तुझा कागद. मी आपली अशीच बोलतो.

देवकी माझी धाकटी जाऊ. एका आंगणात आमच्या दोन चुली. सगळे म्हणून राह्यले, देवकी चांगली होती. होती. मी कुठं नाई म्हणतो? पण मले तिचा लई हेवा वाटे. आजही वाटते. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मंग जित्तेपणी पुरा करायले तिनं फुरसत कुठं देल्ली?

हेवा काऊन? थैलीपायी. बाजाराच्या थैलीपायी.

तलमडगूच्या बाजारातून आमी दोघी संगंच येवो. मी घरात शिरली की थैली सुपात उलटी करो. वांगे, कांदे, मिरच्या, पोराइची गोडीशेव, सारं एकदम. पोरं शेव उचलत अन् पळत. अन् देवकी? देवकी ओट्यावर मांडी घालून बसे. पहिले कोथिंबिरीची जुडी काढे. थांबे. पोराइकडं पाहे. मंग एक कांदा. मंग म्हणे, "सांगा, आता काय निंगन?" पोरं ओरडत, "शेव!" निंगे दोडका! पोरं लोळून-लोळून हासत. शेव सगळ्यात शेवटी. तीच शेव, त्याच दुकानातली. पण ही पल्लवी, माझ्या पोटच्या पोराची पोर, माझी शेव तोंडात धरून तिची थैली पाहायले जाये! तुमीच सांगा, जीव जळन का नाई?

आता पल्लवी हैदराबादेत कामाले आहे. फोनवर जे दुकानं दिसतात, त्याइची पानं करते. बटण दाबलं की खिडकी कशी उघडन, पहिले फोटो का नाव, भाव कवा, कोण कोणाच्या मांगून किती दमानं सरकत येईन, हे ती ठरवते. ॲनिमेशन म्हणते त्याले. मी विचारलं, "हे कोण्या सायबानं शिकवलं?" त म्हणे, "सायबानं नाई, लहान्या आजीनं. तिच्या थैलीवरून."

घ्या! नात माझी, आंगण माझं, अन् गुरू देवकी!

दिवाळीत पल्लवीनं तिलेच आपलं काम दाखवलं. मी बाजूले वाती वळत बसली, कान तिकडं. एकेक वस्तू झुलत-झुलत येऊन राह्यली. देवकीनं फोन अर्ध्यातच वापस देल्ला. म्हणे, "पोरी, खेळायले आलेलं लेकरू थांबन. पण ज्याची भाजी चुलीवर आहे, अन् ज्याले फक्त मीठ पाहिजे, तो कायले थांबन? अन् पान बंद होतानी त येवढे नखरे करूच नको. रिकाम्या थैलीची घडी करायले कितीक वेळ लागते?" पल्लवीनं तिथंच बसून बदललं. मी म्हटलं, "हेच मी सांगणार होती." त्या दोघी एकमेकीकडं पाहून हासल्या. ते हासणं अजून टोचते मले.

देवकी गेली, त पल्लवी पहिल्याच बसनं आली. मी दवाखान्यात होती, तवा बाईनं फोनवर तोंड दाखवलं होतं. मान खाली घालू नको गं, खरं तेच सांगून राह्यली.

आज सकाळी या टीव्हीवर लावायले तिनं देवकीचं एक पान केलं. मले म्हणे, "आजी, पहिले काय येऊ देऊ?" मले विचारलं! उभ्या जन्मात पहिल्यांदा. अन् मी काय म्हटलं? "टाक सारं एकदम. गेलेल्या बाईचा कायचा तमाशा!"

तिनं तसंच केलं. दिवा, फुलं, नाव, गाव, फोटो, सारं धाडकन आलं. मी पाहत राह्यली. त्या गर्दीत मले देवकी सापडंना. नाव मले वाचता येत नाई, बापा. मले तिचं तोंड पाहिजे होतं.

म्हटलं, "पल्लवे, पूस हे. पहिले फक्त देवकी येऊ दे."

"मंग? मंग किती वेळ थांबवू? सांग, तेवढा वेळ पानात टाकून ठेवते."

म्हटलं, "वेळ टाकू नको. मी म्हणन, तवाच दुसरं येऊ दे."

तिनं मान हालवली. हासली नाई.

तवा आता सगळे उभे राहा. फोन बंद करा, पोराइले उगे करा. अशा वक्ती लोक दोन मिनिटं म्हणतात. मले घड्याळ कळत नाई. पल्लवी, लाव.

आली पाहा.

देवकी, मी मोठी, तू धाकटी. तरी हात मी जोडतो.

कोणी बसू नका. फुलं मी सांगन तवा येतीन. अन् मले आज घाई नाई.