एकशे बाराव्या पानावरचं बेट

तैपेईच्या त्या पुस्तकांच्या दुकानात सहीसाठी ही लांबलचक रांग, आणि यी-रुओचा नंबर चक्क दुसरा! को सरांनी येऊ घातलेल्या युद्धावर लिहिलेलं पुस्तक तिला दादाला द्यायचं होतं. पुढच्या महिन्यात तो सक्तीच्या सैन्यसेवेला जाणार होता. सहीसोबत घालायचं नाव चुकू नये म्हणून सगळ्यांसारखी तिनेही चिठ्ठी लिहून आणली होती. पुढच्या आजींची चिठ्ठी सरांच्या हातात होती.

"यू-चेंग? मुलगा का, आजी?"

"नातू. तुमच्या एकशे बाराव्या पानावर आहे."

"पानावर?"

"ते बेट हो! पहिल्या चाळीस मिनिटांत शत्रूच्या हाती पडतं म्हणता ना? तिथंच नेमलाय त्याला."

"आजी, तो नुसता अंदाज आहे."

"हो का? मग बरं. हे पेरू घ्या, परसातले आहेत."

"अहो, कशाला..."

"घ्या हो! आणि सहीच्या वर लिहा, 'यू-चेंग, तू सुखरूप घरी येशील.'"

पेन थांबलं.

"'काळजी घे' लिहू का?"

"काळजी तो घेतोच. मी सांगते ते लिहा."

"खात्री नसलेलं कसं लिहू, आजी?"

"चाळीस मिनिटं लिहिलीत, तेव्हा होती?"

सरांनी नुसती सही केली. आजी पुस्तक घेऊन निघाल्या. पेरू टेबलावरच राहिले.

"या, पुढे या. चिठ्ठी?"

यी-रुओने दादाच्या नावाची चिठ्ठी मुठीत चुरगळली.

"नाव नका घालू, सर."