चढलेला सूर

दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे एक आजी-आजोबा होते. त्यांचा गाणी वाजवणारा नवा डबा मेकॅनिकसमोर काउंटरवर होता.

“डबा चांगला आहे हो. ह्यांनीच उगाच उचलून आणलाय.”

“तू गप्प बस. दादा, हिनं तरुणपणी गायलेलं गाणं आहे त्यात. आधी जुन्या डब्यावर लावून रोज त्याच्याबरोबर गायची. हा डबा घरात आला आणि हिनं गाणंच सोडलं.”

“मग काय करू? वरचा सूर लागतच नाही. वय झालं, गळा गेला.”

“म्हणून रोज गरम पाणी करून देतो, तर तेही अर्धंच पिते.”

“आजी, थांबा जरा. हे रेकॉर्डिंग सेकंदाला आवाजाचे चव्वेचाळीस हजार तुकडे धरून केलंय. डबा मात्र अठ्ठेचाळीस हजारांच्या वेगानं वाजवतोय. दोन्ही जुळवून घ्यायचं सेटिंगच बंद आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाणं पळतंय आणि सूर चढलाय. इतक्या वर तुम्ही तेव्हाही गायला नव्हतात. हं, सेटिंग चालू केलं, आता ऐका.”

डब्यातून एका तरुण बाईचा आवाज आला. दुसऱ्या ओळीला आजी त्यात हळूच मिसळल्या, आणि वरच्या सुराशी थांबल्या नाहीत.

“लागला की गं!”

“हळू बोला, लोक बघतायत.”

“बघू देत. चला, गरम पाण्यातून सुटलो एकदाचा.”

“कोण म्हणालं? पाणी रोज आणायचं. तेवढ्या निमित्तानं तरी जवळ येऊन बसता.”