गाळातलं तांबं आणि रवींद्र सरांची 'चेष्टा'

आपल्या मराठी मंडळाच्या आदरणीय अध्यक्ष शशिकलाताई, प्रमुख पाहुण्या आणि आमच्या प्रयोगशाळेच्या संचालक सुप्रिया मॅडम, निवृत्त होणारे सत्कारमूर्ती रवींद्र सर, त्यांच्या पत्नी वसुधाकाकू, आणि अरेरा कॉलनीत पार्किंग शोधून दमलेल्या मंडळींनो,

मी मंजूषा, सरांची सहकारी. 'दोन गोड शब्द बोल' असं मला सांगितलंय. बघते, जमतंय का.

सर नेमकं काय करत होते, इथे किती जणांना ठाऊक आहे? खनिजातून तांबं काढून झालं की उरलेला गाळ तळ्यात सोडून देतात. त्या गाळाच्या कणांत थोडं तांबं अडकून राहतंच. सर तो गाळ पाण्यात ठेवून त्यात विजेची ठिणगी सोडायचे. दगडाचा कण फुटतो, तांबं सुटं होतं. आमच्या खोलीत हे रोज घडतं. खोलीबाहेर मात्र कोणी ऐकून घेईल तर शपथ! खनिजवाले म्हणतात, हे विजेचं काम. वीजवाले म्हणतात, हे मातीचं.

एकदा जमत आलं होतं. आधीचे संचालक यंत्र बघून म्हणाले, "बहुत अच्छी चेष्टा है, रवींद्रजी." सर पडले साताऱ्याचे. लालबुंद होऊन म्हणाले, "सर, चेष्टा मत कीजिए!" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे उज्जैनच्या मला माहीत, सरांना कुठून? साहेबांना वाटलं, हाच माणूस प्रयत्न नको म्हणतोय. "जैसी आपकी इच्छा," म्हणाले, आणि मोठ्या यंत्राचा प्रस्ताव बारगळला. मी जाऊन खुलासा केला. साहेब खूप हसले. प्रस्ताव काही पुन्हा उचलला नाही. तुम्हीही हसा. मला अजून हसू येत नाही.

आणि आता सोमवारी ती खोली रिकामी करायची आहे. यंत्र भंगारात. मॅडम, आत्ताच तुम्ही सरांच्या अमूल्य योगदानाबद्दल बोललात. मग ते किलोच्या भावाने का विकताय? मला ते यंत्र चालवता येतं. मग मला पाण्याचे नमुने तपासायला का बसवलंय? वसुधाकाकू, डोळे वटारू नका, आवरतेच आहे.

सर, खोलीची किल्ली तुमच्या खिशात आहे. ती स्टोअरला जमा करा, असा हुकूम आहे. करू नका. इथे, सगळ्यांसमोर, माझ्या हातात द्या. पुढचं मी आणि मॅडम बघून घेऊ.

मंडळाचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. टाळ्या जरा थांबवा. सर खिशात हात घालतायत.